रोजचा शिधा

बधिर पावलाची शुश्रूषा हे काम बाहेरून पाहणाऱ्यास सोपे, किंबहुना क्षुल्लक वाटावे असे आहे. कारण त्यात शस्त्रक्रियेचे नाट्य नाही, ताप उतरल्यावर रुग्णाच्या आप्तांच्या मुद्रेवर उमटणारे समाधान नाही, आणि काम संपले असे म्हणून मोकळे होण्याची घटका तर मुळीच नाही. कुष्ठरोगाचे जंतू औषधाने मरतात. परंतु त्यांनी हातापायांच्या मज्जातंतूंची नासाडी केली आणि ती जुनी झाली, म्हणजे गेलेली संवेदना बहुधा कायमचीच जाते. मग रोगमुक्तीचा दाखला घेऊन घरी गेलेला मनुष्यही आयुष्यभर अशा पावलांवर चालत राहतो, की ज्यांना काटा रुतल्याचे कळत नाही, तापलेला फुफाटा कळत नाही, आणि वहाणेत अडकलेला खडा दिवसभर तळवा सोलत असल्याचेही कळत नाही. आपण सारे वेदनेला शत्रू समजतो. माझ्या नोकरीची वर्षे ज्या माणसांत गेली त्यांच्याकडून मी शिकले, की वेदना ही देवाने देहाच्या वेशीवर नेमलेला रखवालदार आहे, आणि तो रखवालदार गेला म्हणजे घर कोणीही लुटावे.

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. पण रुग्णाची बोटे झडतात ती रोगाने कुजून नव्हे, तर न कळत होणाऱ्या इजांनी आणि त्यांतून आत शिरणाऱ्या पुवाने, ही गोष्ट नीट ध्यानी येण्यास पुढे पाऊणशे वर्षे जावी लागली. ती सिद्ध करण्यात वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचा वाटा फार मोठा. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडून जातात आणि सकाळपर्यंत रुग्णास त्याचा पत्ता नसतो, हे तेथे पहारा करून शोधले गेले, आणि मग घरी परतणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याचा शिरस्ता पडला. आम्ही परिचारिका शिकत होतो तेव्हा ही हकिकत ऐकून मला जे वाटले ते अद्याप स्मरते: इतक्या मोठ्या व्याधीवर इतका साधा इलाज, आणि तोही दर रात्री नव्याने चालावयाचा.

आमच्या कामाचा क्रमही तसाच साधा असे. सकाळी रुग्णांना ओळीने बाकावर बसवून प्रत्येकाचे पाय साध्या पाण्याच्या टबात वीस मिनिटे भिजत ठेवावयाचे. पाणी ऊन नसावे, म्हणून ज्याच्या हाताला संवेदना आहे अशाने आधी कोपर बुडवून पाहावे. पाय भिजून मऊ झाले की तळव्यावरचा घट्टा खडबडीत दगडाने हलके हलके घासून काढावा, कारण तो कठीण घट्टाच आतल्या मांसाला दाबून व्रण करतो. आणि कातडी ओली आहे तोवर तिला तेल चोळावे, म्हणजे घाम न येणारी ती कातडी फाटत नाही. सर्वांत महत्त्वाचे काम त्यानंतरचे. आपल्या हाताची मागची बाजू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून कोठे ऊब जास्त लागते का ते पाहावयाचे. कारण जेथे कातडी शाबूत असून तापलेली आहे, तेथे उद्या-परवा जखम उघडणार, आणि आज त्या पायाला विश्रांती दिली तर ती टळणार. रुग्णाच्या वेदनेचे काम असे परिचारिकेच्या हाताने करावयाचे असते. संध्याकाळी ज्या तळव्याला तेल लावून निरोप दिला, तोच तळवा सकाळी पुन्हा पाण्यात.

मी हे काम पत्करले ते मिरजेत, १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी स्थापन केलेल्या इस्पितळात, परिचर्येचे शिक्षण पुरे झाल्यावर; आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या एका मिशनच्या कुष्ठरुग्णालयात रुजू झाले तेव्हा माझ्या पेटीत दोन गणवेश, ‘उपासना संगीत’ हे भजनांचे पुस्तक आणि आजीचे पवित्र शास्त्र एवढाच ऐवज होता. आजीच्या त्या ग्रंथाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १८९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून पंडिता रमाबाईंनी ज्या निराधार मुली आपल्या आश्रयास आणल्या त्यांत माझी आजी होती. केडगावच्या मुक्तिसदनात ती लिहावाचावयास शिकली आणि तेथल्या छापखान्यात खिळे जुळवू लागली. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळावरून साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत सारे शास्त्र उतरविण्याचे काम हाती घेतले होते. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. स्वतःची प्रकृती ढासळलेली, कानांनी ऐकू येत नव्हते. तरीही मुद्रितांची तपासणी चालू राहिली, आणि ती संपवून १९२२ च्या ५ एप्रिलला त्यांनी देह ठेवला. ग्रंथ पुढे १९२४ मध्ये बाहेर पडला. आजी सांगे, की बाईंच्या टेबलावरचा दिवा पहाटे लागलेला असे आणि दुःखाच्या त्या वर्षातही मुलींना कधी कामाला खाडा दिसला नाही. धीर म्हणजे काय हे मला कोणत्याही प्रवचनाआधी या एका हकिकतीने शिकविले.

आणि तरीही एक काळ असा आला, की माझ्यातला सारा ओलावा आटून गेला. त्यास कोणती एक आपत्ती कारण झाली असे नाही. कोणी छळले नाही, कोणी अपमान केला नाही. औषध म्हणून डॅप्सोनच्या गोळ्या होत्या, त्या वर्षानुवर्षे द्यावयाच्या. तत्पूर्वीच्या पिढीला कडूकवठीच्या तेलाची दुखरी टोचणी सोसावी लागे, त्या मानाने आम्ही सुखीच. पण जखमा परत येत. पाय प्लास्टरमध्ये घालून सहा सहा आठवडे निजवून ठेवावे, व्रण भरून यावा, गुलाबी नवी कातडी दिसावी, आणि पेरणीनंतर तोच मनुष्य तोच पाय तसाच फुटलेला घेऊन दारात उभा राहावा. तो शेतकरी, नांगरामागे जाणे त्याला चुकत नाही. नोंदवहीत मागचे पान उलटावे तो त्याच नावापुढे त्याच पायाचे तेच वर्णन माझ्याच अक्षरात लिहिलेले. प्रार्थनेला बसले की शब्द ओठांवर येत, आत मात्र काहीच हलत नसे. राजीनाम्याचा अर्ज मी लिहून उशीखाली ठेवला होता.

या परत येणाऱ्यांत एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांना सारा वॉर्ड आबा म्हणे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, हाताची बोटे आत वळलेली, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी जुना व्रण. आबा वारकरी. आषाढी जवळ आली की कोणाचेही न ऐकता ते आपल्या गावच्या दिंडीबरोबर पंढरपूरला पायी जात, आणि एकादशी करून तो पाय घेऊन तडक आमच्याकडे येत. आमच्या रुग्णालयात कोणावर उपासनेची सक्ती नव्हती. पण सकाळी वॉर्डाच्या व्हरांड्यात प्रार्थना चाले, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे भजन पेटीवर म्हटले जाई, पाळकसाहेब शास्त्रातला नेमलेला भाग वाचीत, आणि आबा आपल्या खाटेवरून डोळे मिटून ऐकत.

अशाच एका सकाळी राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय आला. मी तो लहानपणापासून ऐकत आले होते. पण लहानपणी लक्षात राहतो तो वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यानंतरचा तो मंद स्वर. त्या दिवशी मी अडकले ते त्याच्या किती तरी अलीकडे. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याने आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळविला आहे, आणि लगेच राणी ईजबेलच्या एका धमकीने तो जीव घेऊन पळतो. रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसतो, आता पुरे झाले, माझा प्राण ने, असे देवाला विनवतो, आणि झोपी जातो. यावर देव काय करतो? रागावत नाही. काल स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलास आणि आज ही अवस्था, असा जाब विचारीत नाही. देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि ऊठ, खा, म्हणतो; उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो, आणि पुन्हा झोपतो. पुन्हा झोपू दिले जाते! दुसऱ्यांदा स्पर्श, दुसऱ्यांदा भाकर. आणि आता मात्र एक वाक्य अधिक, त्याचा आशय असा की वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. देवाने वाट लहान केली नाही. ती मोठी आहे हे मान्य केले, आणि चालण्यापुरता शिधा दिला. प्रश्न विचारले गेले ते चाळीस दिवसांनंतर, होरेब पर्वतावर, माणूस जेवून झोपून सावरल्यावर; आणि त्या प्रश्नोत्तरांच्या शेवटीही एलीयाला निवृत्ती मिळाली नाही, पुढच्या कामाची नेमणूकच मिळाली.

थकलेल्या माणसाला आध्यात्मिक नूतनीकरण म्हणजे काही विलक्षण भावावस्था वाटते, आणि ती येत नाही म्हणून तो अधिकच खचतो. माझी तीच दशा होती. त्या अध्यायाने मला प्रथम हे दाखविले, की ईश्वराच्या लेखी भाकर आणि झोप या देखील कृपाच आहेत. मी मेट्रनबाईंकडे जाऊन रजा मागितली आणि आईकडे जाऊन आठ दिवस नुसती जेवले, झोपले. अर्ज उशीखालून पेटीत गेला; पुढे केव्हा तरी वाळवीने खाल्ला.

परत आल्यावर मी शास्त्र वेगळ्या दृष्टीने वाचू लागले, आणि पूर्वी जे केवळ कथेचा तपशील वाटे तेच ठळक दिसू लागले. अरण्यातल्या इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना मिळे तो माणशी एक ओमर. उद्यासाठी म्हणून कोणी साठवून ठेवला तर त्यात किडे पडत, केवळ शब्बाथापूर्वीच्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. विलापगीतांत, नगर जळून गेलेले, लेकरे रस्त्यावर भुकेने मेलेली, अशा वर्णनाच्या ऐन मध्यावर कवी देवाच्या दयेविषयी बोलतो, आणि ती दर सकाळी नवी होते असे म्हणतो. नगर पुन्हा बांधले गेलेले नाही, तो अजून राखेतच बसला आहे. करिंथकरांस लिहिताना पौलही देह झिजत असल्याचे नाकारीत नाही. आतला माणूस दिवसेंदिवस नवा होतो, एवढेच सांगतो. या सर्व ठिकाणी नवेपणाचे परिमाण एक दिवसाचे आहे. मी मात्र वर्षाची बेगमी मागत होते.

आणि मग पाय धुण्याचा प्रसंग. योहानाच्या शुभवर्तमानातल्या त्या तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन आमच्या कामाचा गौरव करण्याची पाहुण्यांची पद्धत होती. मला ती फारशी रुचत नसे, कारण त्यात आम्हाला थोर ठरविण्याचा सूर असे. पण एके सकाळी टबापाशी बसले असताना वेगळाच विचार मनात आला. मरणाच्या आदल्या रात्री, शिष्यांच्या आठवणीत कायमचे राहील असे काहीतरी करावयाचे असता, प्रभूने कमरेला रुमाल बांधून पाय धुतले. यहूदियाच्या त्या धुळीच्या रस्त्यांवर धुतलेला पाय किती वेळ स्वच्छ राहणार? सकाळ उजाडण्यापूर्वीच ते पाय गेथशेमाने बागेतून सैरावैरा पळाले. ज्यांचे पाय धुतले त्यांत विश्वासघात करणाराही होता, आणि तीन वेळा नाकारणाराही. हे सर्व ठाऊक असून, उद्यापर्यंतही न टिकणारे काम त्याने निवडले. आंधळ्याची दृष्टी एकदा आली की आली; पण आपल्या मागे चालावयाचा कित्ता म्हणून त्याने दृष्टिदान घालून दिले नाही, पाय धुणे घालून दिले. पुन्हा करावे लागते म्हणून काम व्यर्थ, हे माझे गणित त्या दिवशी मोडले. आबांचा पाय तेव्हा माझ्या हातात होता की दुसऱ्या कोणाचा, हे आता सांगता येणार नाही.

आबांना मी एकदा रागे भरलेच होते. वारीहून आले होते, पट्टी सोडली तो घाण सुटलेली, हाडापर्यंत खड्डा. मी म्हटले, “आबा, दरवर्षी तेच! मी भरून आणायचे आणि तुम्ही चालून फोडायचे. विठोबा एक वर्ष घरी दर्शन देणार नाही का?”

ते शांतपणे म्हणाले, “सिस्टरबाई, तुमी रोज सकाळी त्येच पुस्तक वाचता न्हवं? मागल्या साली बी त्येच वाचलंसा. कथा ठावी असून बी परत वाचता. मग मी दरसाल तीच वाट चाललो, त्यात नवल काय वं?”

मला उत्तर सुचले नाही, आणि आजही वाटते की त्याला उत्तर नव्हते. आमच्या दोघांच्या श्रद्धेचे विषय निराळे आणि मी माझ्या प्रभूविषयी कधी संदिग्ध राहिले नाही. पण एकच वाट पुन्हा चालण्यातली निष्ठा त्यांनी मला माझ्याच वाचनात दाखवून दिली, हे ऋण मी मान्य करते. गांधीजींनी सेवाग्रामात कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींच्या व्रणांची शुश्रूषा स्वहस्ते केली, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून याच कामाला वाहून घेतले. देवाने हा टब एकाच मंडळीच्या स्वाधीन केलेला नाही.

त्या संभाषणानंतर वारी बंद करण्याचा माझा हट्ट संपला आणि वारी कशी होईल याचा विचार सुरू झाला. आमच्याकडे पादत्राणे करणारे एक कारागीर होते. स्वतः पूर्वी याच वॉर्डात रुग्ण, घराणे चर्मकाराचे, बोटे थोडी वळलेली पण हत्यारावरची पकड पक्की. मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल ते अशी बनवीत, की वर तळव्याला मऊ रबर, खाली टायरचा कठीण तळ, सगळे शिवून आणि चिकटवून. खिळा एकही नाही, कारण वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही. टाचेमागे पट्टा हवाच, नाहीतर चप्पल पायातून निसटली तरी मनुष्य तसाच चालत जातो. आबांच्या तळव्याचा आकार त्यांनी कागदावर उतरवून घेतला, जुन्या व्रणाच्या जागी बोटाने चाचपून पाहिले, आणि तेथला भार हलका व्हावा म्हणून त्याच्या मागच्या बाजूला रबराची आडवी पट्टी बसविली. पहिली जोडी पायात घालून आबांना अंगणात चालविले, मग चप्पल काढून लाल झालेली जागा पाहिली, आणि ती पट्टी उसवून पुन्हा थोडी मागे शिवली. असे तीनदा चालले. त्या कारागिराच्या तोंडून मी कधी शास्त्रवचन ऐकले नाही. पण त्या पट्टीच्या शिवणीत मला जी भक्ती दिसली ती अनेक उपदेशांत दिसली नाही.

आबांशी करार ठरला: पावले आखूड टाकावयाची, निम्मी वाट दिंडीच्या ट्रकमध्ये बसून काटावयाची, आणि रोज मुक्कामाला पाय भिजवून सोबत्याच्या हाताने तळवा चाचपून घ्यावयाचा. त्या वर्षी ते परतले तेव्हा तळव्यावर एक लहानसा फोड होता. खड्डा नव्हता. फोडही नको होता, आणि मी तसे बोलूनही दाखविले. पण तो आठवड्यात भरला.

१९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन मिळून रोग ठरावीक मुदतीत बरा होऊ लागला. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते म्हणून बायका प्रथम घाबरत, त्यांची समजूत घालावी लागे. २००५ च्या अखेरीस, दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, या कसोटीवर देशपातळीवर निर्मूलन झाल्याचे सरकारने जाहीर केले. मी देवाचे आभार मानले आणि आजही मानते. मात्र ज्यांच्या नसा आधीच गेल्या त्यांची पावले बधिरच राहिली, नवे रुग्णही सापडत राहिले, आणि व्हरांड्यातले टब काही उचलले गेले नाहीत.

सेवानिवृत्तीनंतरही मी अधूनमधून तेथे जाते. गेल्या पावसाळ्यात एक तरुण सिस्टर, हुशार, कामाला चोख, पट्ट्यांच्या खोलीत माझ्याजवळ येऊन रडली. तिच्या एका रुग्णाचा पाय पुन्हा फुटला होता. “बाई, अशा वेळी मी शास्त्रातला कोणता भाग वाचू?” असे तिने विचारले. मोठमोठ्या विजयांची, समुद्र दुभंगल्याची प्रकरणे मी तिला सांगितली नाहीत. मी म्हटले, “बाळ, राजांचे पहिले पुस्तक, अध्याय एकोणिसावा. आज रात्री आठव्या वचनापर्यंतच वाच. एलीया जेवला की थांब, तूही जेव आणि झोप. पुढचे उद्या.” तिची त्या आठवड्याची रात्रपाळी होती. मी मेट्रनबाईंच्या कचेरीत गेले, हजेरीचा तक्ता मागून घेतला, आणि तिच्या तीन रात्री दुसरीकडे लावून देण्याविषयी त्यांच्याशी बोलले.